शांत पट्टा

जुईला झोळीत टाकून हेमांगी दोरी ओढत होती, तेवढ्यात कानातला दुभाष्या किणकिणला. दुपारचे साडेबारा. म्हणजे तिकडे मोरोक्कोत सकाळचे आठ. आज बुधवार नव्हता, बैठकही नव्हती, तरी इझ्झाचा फोन आला होता.

"झोपली का?" इझ्झाने विचारलं.

"अर्धी झोपलीय. हळू बोल."

"माझा उठलाय आणि बकरीच्या मागे पळतोय. त्याचा बाप त्याच्या मागे पळतोय."

हेमांगी आवाज न करता हसली. दोघी आजवर समोरासमोर भेटल्या नव्हत्या. एकीचं गाव धुळ्याच्या पश्चिमेला पांझरेच्या काठी, दुसरीचं डोंगरापलीकडे, वाळवंटाच्या तोंडाशी. 'तीन खोरी' नावाच्या प्रकल्पाने त्यांची गाठ घातली होती. भारतातलं एक खोरं, मोरोक्कोतलं एक आणि चिलेतलं एक. तिन्हीकडे पाणी कमी आणि तिन्हीकडे डाळिंब. दोघी आपापल्या गावच्या निरीक्षक. दोघींना एकाच हिवाळ्यात मूल झालं. बैठकीत दोघींचे कॅमेरे एकाच वेळी बंद व्हायचे, आणि ते का, हे फक्त त्या दोघींना ठाऊक असायचं. सुरुवातीला दुभाष्या इझ्झाचं बोलणं वर्तमानपत्री मराठीत आणायचा. ती साधं 'कशी आहेस' म्हणाली तरी तो 'आपले क्षेमकुशल कळावे' म्हणायचा. हेमांगीने आठवडाभर त्याच्याशी बोलून बोलून त्याला घरातली मराठी शिकवली होती.

"मी तुला काही ऐकवणार आहे," इझ्झा म्हणाली. तिच्या आवाजातलं हसू गेलं होतं.

आणि मग कानात टकटक सुरू झाली. एक, दोन, मग तीन लागोपाठ. फोडणीत मोहरी तडतडावी तशी.

"हे माझं झाड. भर दुपारचं नाही, आत्ताचं, सकाळचं. ऐकलंस? आणि प्रकल्पाचं यंत्र म्हणतं, झाड तृप्त आहे, पाणी नको. दोन वर्षं तेच म्हणतंय. फळं मुठीएवढी होऊन तडकली. शेंड्याकडून फांद्या वाळत आल्या. दोनशे बारा झाडं गेली, हेमांगी. सहाशे चाळीसातली दोनशे बारा."

झोळीची दोरी हेमांगीच्या हातात तशीच राहिली.

"अजून एक आहे," इझ्झा म्हणाली. "गावात मोहामामाला चोर म्हणायला लागलेत."

मोहा तिचा सख्खा मामा. तीस वर्षं त्या गावच्या पाण्याची वाटणी त्याच्याकडे. यंत्र सांगतं की ठरलेलं पाणी पुरेसं आहे. झाडं तर वाळतायत. मग पाणी मध्येच कुठेतरी जात असणार, आणि पाण्यावर हात तर मोहाचाच. गावाचा हिशोब इतका सरळ होता.

"मागच्या शुक्रवारी त्याच्या दारात कुणीतरी रिकामी बादली पालथी घालून गेलं. आमच्यात याहून मोठी शिवी नाही."

*

झाड पाणी पितं म्हणजे नेमकं काय करतं? मुळापासून पानापर्यंत त्याच्या आत केसाहून बारीक नळ्या असतात. त्यांतून पाण्याचा अखंड धागा वर ओढला जातो. पान उन्हात वाफ सोडतं, तसा धागा वर सरकतो. जमिनीतलं पाणी कमी पडलं की हा धागा ताणला जातो आणि शेवटी तुटतो. तुटल्या जागी हवेचा बुडबुडा तयार होतो आणि तुटताना एक टिचकी वाजते. ती इतकी चिरकी असते की माणसाच्या कानाच्या पार पलीकडची. तहानलेलं झाड असं दिवसभर टिचक्या वाजवत उभं असतं, आणि आपण त्याच्या सावलीत बसून म्हणतो, किती शांत वाटतंय.

या टिचक्या ऐकणारं यंत्र म्हणजे कर्णिका. फांदीला लावायचा बोटभर चिमटा. गावात सगळे त्याला चिमटाच म्हणत. तो त्या टिचक्या माणसाला ऐकू येतील अशा आवाजात उतरवायचा, तासाला किती वाजल्या ते मोजायचा आणि तिन्ही खोऱ्यांच्या सामाईक यंत्राला कळवायचा. यंत्र सांगायचं, या झाडाला आज पाणी द्या, त्याला नको. जमिनीत सुया खुपसून ओल तपासायची गरज उरली नव्हती. झाडच बोलतंय, तर मातीला कशाला विचारायचं, असं प्रकल्पाचं म्हणणं.

मात्र एक अडचण होती. तहानलेलं झाड किती टिचक्या वाजवतं हे कळायला पोटभर प्यालेलं झाड किती वाजवतं हे आधी कळायला हवं. त्यासाठी कुठेतरी एक पट्टा असा राखायचा, की ज्याला कधीच पाणी कमी पडू द्यायचं नाही. त्याला नाव दिलं 'शांत पट्टा'. मोरोक्कोत सलग चार वर्षं दुष्काळ. सगळं गाव घशाला कोरड पडून बसलेलं असताना एक पट्टा तुडुंब ठेवायचा, हे तिथे कुणाच्याने होईना. चिलेतही तीच कथा. शेवटी ठरलं, शांत पट्टा भारतात राखायचा आणि त्याचा आकडा तिघांनी वापरायचा. सहकार्य म्हणतात ते हेच, असं त्या दिवशी बैठकीत सगळ्यांना वाटलं होतं. हेमांगीलाही.

आकडा आला अडतीस. तासाला अडतीस टिचक्या म्हणजे तृप्त झाड. थोडा जास्त वाटला खरा, पण अहवालात कुणीतरी लिहिलं की उष्ण प्रदेशातली झाडं जरा बडबडीच असतात. ते वाक्य सगळ्यांना आवडलं.

फोन ठेवल्यावर हेमांगी परसात आली. तिथे मोरीच्या तोंडाशी एक डाळिंबाचं झाड होतं. शांत पट्ट्याच्या लागवडीतून उरलेलं रोप तिने तिथे लावलं होतं. त्याच खेपेतलं, त्याच वयाचं. भांड्यांचं, कपड्यांचं, जुईच्या अंघोळीचं, सगळं पाणी त्याच्या आळ्यात जायचं. तिने पेटीतला जास्तीचा चिमटा आणला, फांदीला लावला आणि तासभर पायरीवर बसून राहिली.

सहा टिचक्या.

एका झाडावरून काही सिद्ध होत नाही, हे तिला शिकवलेलं होतं. तिने चार दिवस शांत पट्ट्यातल्या दोन झाडांना हंड्याने पाणी घातलं. जुई आपल्या खेळण्यातल्या गडूने एकेक घोट ओतत तिच्या मागे फिरली. चौथ्या दिवशी दुपारी एक झाड सातावर आलं, दुसरं पाचावर.

अडतीस हा तृप्त झाडाचा आकडा नव्हता. तो तहान सोसणाऱ्या झाडाचा होता. इथल्या काळ्या मातीने खाली खोल ओल धरून ठेवली होती, मुळं तिथवर गेली, म्हणून झाडं तगली. इझ्झाकडे हातभर वाळू आणि त्याखाली गोटे. तिथल्या मुळांना जायला जागाच नव्हती.

*

दगाजी आप्पा बंधाऱ्यावरून परतत होते. हेमांगीचे सासरे, वय सदुसष्ट, खांद्यावर फावडं, धोतराचा काठ चिखलाने जड झालेला. गावच्या फडाचे ते चाळीस वर्षं पाटकरी. फड म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर सगळ्या गावाने मिळून भिजवायचं रान, आणि पाटकरी म्हणजे कुणाला कधी किती पाणी ते ठरवून प्रत्यक्ष सोडणारा माणूस. दरवर्षी पंच पाटकरी निवडत. चाळीस वर्षांत दुसरं नाव निघालं नव्हतं.

हेमांगी बांधावर वाट बघत उभी होती.

"आप्पा, जुईच्या वेळी मी अमळनेरला होते ना, माहेरी. तेव्हा मोजणीचे तीन महिने शांत पट्ट्याला रोज पाणी दिलंत?"

"दिलं."

"रोज?"

"रोज दिलं. का गं?"

"किती?"

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता.

"उरेल तितकं," ते म्हणाले.

नदीवरून टिटवी ओरडत गेली. आप्पा फावड्यावर टेकले.

"तू नव्हतीस इथे. त्या साली बंधाऱ्यावरून पाणी पडलंच नाही. पाटाच्या शेवटाला कौसाबाईचा कांदा माना टाकत होता. आणि मी माझ्या रानात पाणी उभं करू? पाटकऱ्याचं रान सगळ्यांच्या मागून भिजतं. बापाने फावडं हातात दिलं तेव्हा एवढं एकच सांगितलं होतं."

"पण तो पट्टा आपला नव्हता, प्रकल्पाचा होता."

"जमीन तर माझीच ना?"

"मीटरमध्ये पाणी पूर्ण दिसतंय."

"मीटर वरच्या बांधाला. त्याच्याखाली पाट फोडला की पाणी शेवटाला जातं." ते जरा थांबले. "लपवायचं म्हणून नाही केलं. जिथे लागत होतं तिथे वळवलं. आणि झाडं मेली का? नाही ना? डाळिंबाला ताण लागतोच, बेटा. ताणाशिवाय बहर धरत नाही."

"मी तुम्हाला फोनवर रोज विचारायची. तुम्ही म्हणायचात, दिलं."

"दिलंच की."

ते खरंच होतं. आप्पांनी आयुष्यात खोटं बोललेलं तिला आठवत नव्हतं. मांडीवर आठ दिवसांची जुई, डोळ्यांवर झापड, आणि कानाला फोन. पलीकडून आप्पांचं 'दिलं' ऐकलं की ती नोंदीत 'पूर्ण पाणी' असं भरून सही करायची. नव्वद दिवस. नव्वद सह्या. एकदाही तिने 'किती' म्हणून विचारलं नव्हतं.

हा पट्टा आप्पांच्या रानात का ठेवला, तेही तिला आठवलं. पंच म्हणाले होते, कोरड्या साली एकाचं रान भरलेलं दिसलं की भांडणं लागतील. ज्याच्यावर कुणी बोट ठेवणार नाही अशाची जमीन घ्या. म्हणून गावातल्या सगळ्यात विश्वासू माणसाची जमीन निवडली. आणि तो विश्वासू होता म्हणूनच स्वतःचं रान भरणार नव्हता, हे शास्त्रज्ञांपैकी कुणाला सुचायचं कारण नव्हतं. गावातल्यांना सुचायला हवं होतं. तिला सुचायला हवं होतं. ती तर त्याच घरात भाकरी थापत होती.

*

प्रकल्पाचे मुख्य डॉ. टेंबेकर पुण्याहून बोलत होते. थकलेला, सभ्य माणूस. त्यांनी मध्ये एकदाही न थांबवता सगळं ऐकून घेतलं.

"बरं झालं सापडलं," ते म्हणाले. "आपण यंत्राची सुधारित आवृत्ती काढू. कारण 'प्रादेशिक फेरमांडणी' असं देऊ. कुणाचं नाव घ्यायची गरज नाही."

"आणि मोहा?"

"कोण मोहा?"

तिने सांगितलं.

"हेमांगी, तो त्यांच्या गावातला प्रश्न आहे. आकडा बदलला की त्यांना पाणी वाढेल, झाडं सुधारतील, लोक विसरतील."

"यंत्र आधी चुकत होतं हे सांगितलंच नाही, तर ते कसे विसरतील, सर? पाणी वाढल्यावर झाडं सुधारली की लोक म्हणतील, बघा, चोरी थांबली."

"तुमची सही आहे त्या नोंदींवर," टेंबेकर हळू म्हणाले. धमकी नव्हती ती. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

हर्षल मात्र चिडला होता. हेमांगीचा नवरा साक्रीकडे पवनचक्क्यांच्या देखभालीवर होता, शनिवारी घरी यायचा. सगळं कळल्यावर त्याने शनिवारची वाट न पाहता फोन केला.

"आप्पांना पंचांसमोर उभं करणार आहेस तू?"

"मी कुणाला उभं करत नाहीये."

"मग कोण करतंय? चाळीस वर्षांत त्या माणसाला कुणी एक शब्द बोललं नाही. आणि घरातलीच सून..."

"घरातली आहे म्हणून आधी त्यांना विचारलं, हर्षल. पुण्याला नंतर कळवलं."

"कळवलंस ना? साहेब म्हणाले ना, नाव नको? मग गप्प बस की."

"माझीही सही आहे."

"तुझी सही बदलता येते. त्यांचं नाव गेलं की गेलं." वाऱ्याच्या आवाजात त्याचं पुढचं बोलणं तुटलं. मग त्याने फोन ठेवला. जुई काय करतेय, जेवली का, हे न विचारता फोन ठेवायची त्याची पहिलीच वेळ.

दोन दिवस हेमांगीने काही केलं नाही. भांडी घासली, चिमटे तपासले, जुईचे केस विंचरले. मोहाचं तोंड तिने एकदाच पाहिलं होतं, इझ्झाच्या मुलाच्या बारशासारख्या कुठल्याशा समारंभात; पडद्याच्या कोपऱ्यात उभा राहून तो पाहुण्यांना हात धुवायला पाणी घालत होता. प्रत्येकाच्या हातावर अगदी सारखी धार.

तिसऱ्या दिवशी दुपारी आप्पा जेवायला बसले होते. भाकरीचे बारीक तुकडे करून ते दुधात कुस्करत होते, जुईसाठी. हेमांगीने तव्यावरची भाकरी उलटली आणि पाठमोरीच म्हणाली, "आप्पा, तिकडे एक माणूस आहे. मोहा."

"कोण तो?"

"त्यांच्याकडचा पाटकरी. इझ्झाचा मामा."

तिने सगळं सांगितलं. वाळलेली झाडं, यंत्राचं 'तृप्त', दारातली पालथी बादली. आप्पांचा हात थांबला.

"चोर म्हणतात त्याला?"

"म्हणतात."

"किती वर्षं करतोय पाण्याचं?"

"तीस."

जुईने आ वासला होता. आप्पांनी तिला घास भरवला, अजून एक भरवला, तिचं तोंड पुसलं. मग स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी तशीच ठेवून ते उठले.

"तुझी ती बैठक बुधवारी असते ना?" हात धुता धुता ते म्हणाले. "मला बसव."

"आप्पा, मी माझ्या नावावर घेते. सही माझी आहे."

"तुझं तू सांग," आप्पा म्हणाले. "पाणी मी वळवलं, ते मी सांगतो."

*

बैठक ग्रामपंचायतीच्या सभागृहात घेतली. पाचही पंच आले. भिंतीवरच्या पडद्यात एका कोपऱ्यात टेंबेकर, एका कोपऱ्यात चिलेतले दोघे, आणि मधोमध इझ्झाचं गाव: मातीच्या भिंतीची खोली, बाकांवर दाटीवाटीने बसलेली माणसं. पहिल्या बाकावर मोहा. दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या. इतकी गर्दी असून त्याच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं.

आधी हेमांगी बोलली. नोंदी, नव्वद दिवस, सहा आणि अडतीस. मग ती बाजूला झाली.

आप्पांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. पडद्याशी कसं बोलायचं ते त्यांना कळेना, म्हणून ते मोहाशी बोलले.

"भाऊ, मी दगाजी. इथला पाटकरी. ज्या रानावरून तुमच्या झाडांचं पाणी ठरलं ते रान माझं. त्याला भरपूर पाणी द्यायचं होतं. मी दिलं नाही. उरलंसुरलं दिलं. मला वाटलं, माझ्या रानाचं मी कमी करतोय, दुसऱ्या कुणाचं काही जात नाही. ते तुमचं गेलं. तुम्ही काही चोरलं नाही. तुमच्या गावाने हे माझ्या तोंडून ऐकावं म्हणून आलो."

दुभाष्याने त्यांच्या भाषेत ते सांगितलं. खोलीत कुजबुज झाली आणि थांबली. मोहा उठला नाही. लोकरी झग्याच्या बाह्यांत हात घालून त्याने आप्पांकडे पाहिलं.

"त्या साली ते पाणी कुणाला गेलं?" त्याने विचारलं.

"शेवटाला. पाटाच्या टोकाला जी रानं आहेत त्यांना."

"तुझ्या घरात काही आलं?"

"नाही."

मोहाने मान हलवली. "मीही तेच केलं असतं," तो म्हणाला. आणि हेमांगीला वाटलं, सुटलो. पण त्याचं बोलणं संपलं नव्हतं. "पण भाऊ, तुझ्या पाटाच्या शेवटाला आम्ही होतो. तुला ते कुणी सांगितलं नव्हतं, मला मान्य आहे. तरी आम्ही होतो. त्यातली सत्तर झाडं माझ्या आईने लावलेली."

आप्पांनी टोपी काढली आणि या वेळी घातली नाही.

मोहा उठला. त्याने माफ केलं असं म्हटलं नाही, नाही असंही म्हटलं नाही. तो दाराकडे निघाला तेव्हा दाटीतली माणसं उभी राहिली आणि बाजूला सरकून त्यांनी त्याला वाट करून दिली. एका म्हाताऱ्याने त्याचा हात धरून खांद्याला लावला. इझ्झाने तोंडावर पदरासारखी ओढणी घेतली होती.

इकडे आप्पा पंचांकडे वळले. "पाटकऱ्याचा शब्द खोटा ठरला की त्याने फावडं ठेवायचं. मी ठेवतो."

पंचांपैकी भिला अण्णा सगळ्यात वयस्कर. त्यांनी घसा खाकरला, पण त्यांच्या आधी मागून कौसाबाई बोलली. शेवटाच्या रानवाली, नवरा गेल्यापासून वीस वर्षं एकटीने शेती ओढणारी.

"आप्पा, माझ्या कांद्यापायी तुम्ही परमुलखातली झाडं वाळवली म्हणे. मला नाही सांगितलंत तेव्हा. मी म्हणाले असते, राहू द्या एक साल कांदा."

"तू म्हणाली नसतीस, कौसा."

"नसते म्हणाले," ती म्हणाली. "पण विचारायचं तरी."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

टेंबेकरांनी विचारलं की पुढे काय करायचं. नवा शांत पट्टा संस्थेच्या बागेत ठेवता येईल. त्यावर इझ्झा बोलली. तिचे डोळे लाल होते, पण बोलणं कामाचं होतं. नवी झाडं घेतली तर तीन वर्षांची सगळी मोजणी फेकून द्यावी लागेल. तीच झाडं, त्याच जागी, त्याच महिन्यांत खरोखर पोटभर पाणी देऊन पुन्हा मोजली, तर जुना प्रत्येक आकडा दुरुस्त करता येईल. उरलेली चारशे अठ्ठावीस झाडं त्याशिवाय वाचायची नाहीत.

"म्हणजे आप्पांचंच रान," भिला अण्णा म्हणाले. "जानेवारी ते मार्च. रोज. सगळ्यांच्या आधी." त्यांनी बाकीच्या पंचांकडे पाहिलं. "फावडं ठेवू नका, आप्पा. पाटकरी तुम्हीच. तो पट्टा तुम्हीच भरा."

आप्पांचा चेहरा हेमांगीने पाहिला. फावडं ठेवून ते घरी गेले असते तर सुटले असते. ती सुटका पंचांनी नाकारली होती, आणि नाकारताना त्यांचा मान राखला होता.

*

जानेवारीत नदी बारीक झाली. ते साल काही त्या सालाहून बरं नव्हतं. बंधाऱ्यामागे कमरेइतकं पाणी, त्यावर हिरवट साय. फडातल्या लोकांनी आपापसात ठरवून पेरा कमी केला होता. कौसाबाईने कांदा निम्म्याच वाफ्यांत लावला.

पहिल्या दिवशी सकाळी दहाला आप्पा पट्ट्याच्या तोंडाशी उभे राहिले. मीटर आता पट्ट्याच्या खालच्या टोकालाही बसवलं होतं. ते आप्पांनीच मागून घेतलं होतं. खालच्या अंगाला, पाटाच्या टोकाकडे, आठदहा माणसं बांधावर येऊन बसली होती. पाटकऱ्याचं रान सगळ्यांच्या आधी भिजताना त्या गावात कुणी पाहिलेलं नव्हतं.

शनिवार होता. हर्षल आला होता. हेमांगीशी तो अजून मोजकंच बोलत होता, पण चिमट्यांची पेटी त्याने उचलून आणली आणि एकेक चिमटा तिच्या हातात देत राहिला.

आप्पांनी फावडं मातीत रोवलं. ओढलं नाही. तसेच उभे राहिले. चाळीस वर्षं जो हात इथून पाणी पुढे ढकलत आला होता, तो इथे पाणी घ्यायला तयार होईना.

"ओढा, आप्पा," खालून कौसाबाईचा आवाज आला. "मी बघायला आलेय, रडायला नाही."

आप्पांनी माती ओढली. पाणी आधी भेगांत गेलं, फसफसलं, मग पहिल्या आळ्यात शिरलं. आळं भरलं. पाणी बुंध्याला लागून उभं राहिलं. आणखी चढलं. त्यात आभाळ दिसायला लागलं.

हेमांगीने हातातल्या छोट्या पडद्यावरचा आकडा पाहिला. तिच्या कानात इझ्झा होती. तिच्याकडे साडेपाच वाजले असतील; तिच्या मुलाचा झोपेतला श्वास ऐकू येत होता.

"किती?" आप्पांनी वर न पाहता विचारलं.

"एक्केचाळीस. पहिल्या दिवशी नाही उतरायचं, आप्पा. आता माती खोलवर सुकलीय, आठवडा लागेल."

दुसरं आळं, तिसरं. दुसरा दिवस, तिसरा. खाली बसणारी माणसं हळूहळू कमी झाली. आप्पा कधी त्या दिशेला पाहत नसत. पाठ करून पाणी भरत. त्यांचा पट्टा पुरा झाल्यावर मगच पाट पुढे वाहायचा, आणि तो पुढे जाताना किती बारीक झालेला असे, ते त्यांना पाहावं लागत नव्हतं, ऐकू येत होतं.

सहाव्या दिवशी जुई आईबरोबर आली. आप्पांच्या पाट फोडण्यात ती लहानाची मोठी होत होती. वाफ्यात पाणी कधी पुरे झालं हे तिला तीन वर्षांच्या वयात कळायचं. काठोकाठ भरलेल्या आळ्याशी ती उकिडवी बसली. पाणी काठावरून सांडायला लागलं तशी ती घाबरली. तिने दोन्ही तळव्यांनी चिखल ओढून काठ उंच करायला घेतला.

"आप्पा, भरलं," ती म्हणाली. "बास. पुढे सोडा ना."

आप्पा तिच्याशेजारी टेकले. तिचे चिखलाचे हात त्यांनी आपल्या हातात घेतले आणि हेमांगीकडे नाही, शेवटाकडे नाही, त्या झाडाकडे पाहिलं.

"किती झालं, हेमांगी?"

"एकोणीस."

"अजून द्यायचं?"

तिच्या कानात इझ्झाने श्वास रोखून धरला होता.

"अजून, आप्पा."

"भरलं नाही गं बेटा," ते जुईला म्हणाले. "आपल्याला भरलंसं दिसतं." आणि उठून त्यांनी फावडं पुन्हा पाटाला घातलं.